मांजर पुन्हा गायब झालं? आधी रात्री परसात कोण येतं ते बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. मांजर संध्याकाळी होतं, सकाळी नाही. चार दिवस हाका मारून होतात. मग कुणीतरी नवीन पिल्लू आणून देतं, ते घरात रुळतं, मोठं होतं आणि ऊसतोडीच्या सुमाराला तेही नाहीसं होतं. अनगोळ, वडगाव, येळ्ळूर रोड, कंग्राळी, हिंडलगा, मच्छे, जिथं जिथं बेळगावची घरं आणि शिवार एकमेकांत घुसलंय, तिथं हे वर्षानुवर्षं चालू आहे. आणि निदानही ठरलेलं: ‘बिबट्यानं नेलं.’

बिबट्यावर संशय जाणं साहजिक आहे. ऑगस्ट 2022 मध्ये जाधवनगरात भरवस्तीत बिबट्या आला, एका बांधकाम मजुराला जखमी केलं आणि गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, शेवटी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले, तरी तो काही हाती लागला नाही. तेव्हापासून शहरात कुठलंही मांजर हरवलं की ते त्याच्या खात्यावर जमा होतं. माझ्या मते मात्र आपल्या गल्ल्यांतल्या मांजरांच्या वैऱ्यांची यादी केली तर बिबट्याचं नाव बरंच खाली येईल. वर कोण? भटकी कुत्री, भरधाव गाड्या, उंदराचं औषध आणि पिल्लांच्या बाबतीत चक्क बोका.

कोण नेतं हे कळलं नाही तर उपायही चुकतो. कुत्र्यांपासून मांजराला पळायला भिंतीवर फळी ठोकून काम भागतं, बिबट्यासाठी भागत नाही. उंदराच्या औषधापुढं तर फळीचा उपयोग शून्य.

जागेवर काय सापडतं?

मेलेलं मांजर सापडलं आणि ते खाल्लेलं नसेल तर पहिला संशय कुत्र्यांवर घ्या. कुत्री टोळीनं मांजराला गाठतात, पाठीला किंवा कमरेला धरून झटकतात आणि बहुतेक वेळा तिथंच टाकून जातात. केस लाळेनं ओले, एकमेकांना चिकटलेले असतात. दातांची भोकं बाहेरून टाचणीएवढी दिसतात, पण हात फिरवला तर आतली हाडं मोडलेली कळतात. मध्यरात्रीनंतर एकदम गलका झाला होता का, हे शेजाऱ्यांना विचारा. कुणीतरी ऐकलेला असतोच.

माळ्यावर किंवा लाकडाच्या खोलीत मांजरीनं पिल्लं घातली होती आणि एक-दोन पिल्लं मानेला किंवा डोक्याला चावा घेऊन मारलेली सापडली, तर बाहेरचा बोका आलाय. दुसऱ्याची पिल्लं मेली की मांजर लवकर पुन्हा माजावर येते, म्हणून तो हे करतो. घरच्यांना हे पटायला जड जातं. समोरच्या भिंतीवर ऊन खात बसणारा तोच तो गलेलठ्ठ बोका असेल असं कुणाला वाटत नाही.

दिवसाढवळ्या पिल्लू गेलं तर मुंगूस बघा. मोळ्यांच्या ढिगाखाली, दगडी गडग्यात त्याचं बीळ असतं. मोठ्या मांजराच्या वाटेला मुंगूस सहसा जात नाही. गच्चीवरून रात्री पिल्लू नाहीसं झालं आणि जवळपास टेकडी किंवा जुनी दगडाची खाण असेल तर हुमा घुबडाची शक्यता धरायला हरकत नाही. पण जुन्या वाड्यांच्या कौलांखाली राहणाऱ्या पांढऱ्या तोंडाच्या गव्हाणी घुबडाला उगीच दगड मारू नका. ते उंदीर-घुशींवर जगतं, आपलं कामच हलकं करतं.

कोल्हा शहराच्या कडेला आहे. बळ्ळारी नाल्याकडच्या शिवारात संध्याकाळी कान दिला तर कोल्हेकुई ऐकू येते. तो पिल्लं, आजारी किंवा म्हातारी मांजरं उचलतो आणि घेऊन जातो, त्यामुळे मागे काही राहत नाही. रानमांजरही उसात राहतं. लांब पाय, आखूड शेपूट, कानाच्या टोकाला बारीक केस. ते सहसा पाळीव मांजराला खायला येत नाही. उंदीर आणि कोंबडीची पिल्लं हे त्याचं मुख्य आकर्षण. बोक्याशी मात्र त्याची मारामारी होते आणि कधीकधी आपल्या मांजरीशी सोयरिकही.

शवावर जखम नाही, पण नाका-हिरड्यांतून रक्त आलंय किंवा मरण्याआधी दोन-तीन दिवस मांजर मलूल होतं, अंगावर निळे डाग होते, असं असेल तर शिकारी शोधत बसू नका. बाजारात उंदरांसाठी ज्या वड्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच रक्त गोठू देत नाहीत, आणि त्यांचा परिणाम खाल्ल्यानंतर काही दिवसांनी दिसतो. मांजरानं वडी खाल्लेली नसते, वडी खाल्लेला उंदीर खाल्लेला असतो. वेळेत डॉक्टरकडे नेलं तर यावर ‘क’ जीवनसत्त्वाचा नव्हे, ‘के’ जीवनसत्त्वाचा इलाज आहे. लिंबू पाजत बसून वेळ घालवू नका.

आता बिबट्या. तो मांजर जागेवर खात बसत नाही, उचलून नेतो, म्हणून ‘काहीच सापडलं नाही’ हा त्याच्याविरुद्धचा पुरावा मानला जातो. तेवढ्यानं भागत नाही. गल्लीतली कुत्री कमी होतायत का? एखादं कुत्रं साखळीसकट गेलंय का? संध्याकाळनंतर कुत्री एका दिशेला तोंड करून भुंकतात पण पुढे जात नाहीत, असं होतंय का? बिबट्याला मांजराआधी कुत्र्यात रस असतो. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. उसाच्या त्या मुलखात बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, मांजरांचा 15 टक्के आणि शेळ्यांचा 11 टक्के. शेळ्या तिथं कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त होत्या, तरीही. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रं-मांजर मोकळं असतं, हा त्यातला सरळ फरक.

बंबातली राख

अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक रात्र राख पसरा. न्हाणीत बंब पेटत असेल तर राख घरातच आहे, नसेल तर चाळलेली माती किंवा स्वस्तातली रांगोळी चालते. परसाच्या भिंतीलगत, मागच्या दारापुढं आणि मांजर जिथून आत-बाहेर करतं त्या फटीपाशी हातभर रुंद पट्टा, बोटाच्या पेरापेक्षा पातळ. सकाळी झाडलोट करायच्या आधी बघा आणि ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा. काडेपेटी साधारण 5 सेंटीमीटर लांब असते, त्यावरून माप कळतं. नुसता ठशाचा फोटो काही उपयोगाचा नसतो. मांजराचा ठसासुद्धा जवळून काढला की वाघाचा वाटतो.

मांजराचा ठसा गोल, सुमारे 3 सेंटीमीटर, नखं उमटलेली नसतात. बिबट्याचाही तसाच, नखांशिवाय, पण 7 ते 8 सेंटीमीटर रुंद, म्हणजे काडेपेटीच्याही बाहेर जाणारा. या दोघांच्या मधलं माप आलं, नखं नाहीत, तर रानमांजर. कुत्र्याची नखं स्पष्ट उमटतात आणि ठसा लांबट असतो. कोल्ह्याचा कुत्र्यासारखाच, पण अरुंद आणि नेटका, पावलं जवळजवळ एका रेषेत पडलेली. पाच बोटं मोजता आली तर मुंगूस किंवा उदमांजर. कुत्र्याचा ठसा आकारानं बिबट्याएवढाही असू शकतो, म्हणून आधी नखं बघा, मग माप.

अनगोळमधल्या एका घरी हा प्रयोग केला तेव्हाचं सांगतो. मंगळुरी कौलांचं घर, मागे परसू, परसाला लागून भाताचं शिवार. मांजरं पाठोपाठ गेलेली, घरातल्या मावशींची बिबट्याबद्दल खात्रीच. सकाळी राखेत काय होतं? मांजराचे गोल ठसे मोरीपासून निघून भिंतीच्या कोपऱ्याकडे गेलेले. कोपऱ्यात एक जर्मनची ताटली, चाटूनपुसून लख्ख. ताटलीभोवती राख अशी तुडवलेली, की ठसा वेगळा काढता येईना, फक्त जागोजागी नखांच्या चार-चार टोचा. आणि त्या गर्दीतून आत आलेला, पुन्हा बाहेर गेलेला एक मोठा पंजा, डावा मागचा पाय किंचित ओढत चालणारा. तो लंगडा कुत्रा गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता.

‘मावशी, ही ताटली कुणासाठी?’

‘मुकी जनावरं गा ती. राहिलेला दूधभात वाया कशाला घालवायचा? गल्लीतली मांजरं येऊन खातात.’

मांजरं येत होतीच. त्यांच्यामागून कुत्री येत होती. रात्री अकराला मांडलेल्या त्या ताटलीनं मावशींचं स्वतःचं मांजर रोज नेमक्या वेळी नेमक्या कोपऱ्यात आणून उभं केलं होतं.

रात्रीचं वेळापत्रक

उपायांतला सगळ्यात मोठा भाग इथं आहे, बाकीचं आजूबाजूचं. मांजर अंधार पडायच्या आत घरात आणि उजाडल्यावर बाहेर. ‘आमचं मांजर ऐकत नाही’ असं सगळेच म्हणतात. मांजर ऐकत नसतं हे खरं, पण भूक ऐकते. दुपारचं खाणं कमी करा, मुख्य जेवण संध्याकाळी दिवेलागणीला, आणि तेही घराच्या आत. रोज एकाच भांड्याचा, एकाच चमच्याचा आवाज करा. बांगड्याचं डोकं किंवा तारलीचा तुकडा असेल तर तो याच वेळेला राखून ठेवा, सकाळी देऊ नका. जेवण झालं की दार लावायचं. पहिल्या काही रात्री ते ओरडेल, दार ओरबाडेल. तेव्हा एकदा जरी दार उघडलंत, तरी ओरडलं की दार उघडतं हे त्याला कळतं, आणि मग पुढचा महिना तुमचा गेला. साधारण दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मांजरं रुळतात. म्हाताऱ्या बोक्यांना जास्त लागतात.

रात्री आत ठेवायचं तर शी-शूची सोय हवी. सुताराकडचा लाकडाचा भुसा किंवा बारीक वाळू एका पसरट घमेल्यात घालून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवा, जेवणाच्या भांड्यापासून लांब. थंडीत बंबाशेजारची उबदार जागा मिळाली तर मांजर बाहेर जायचं नावही काढत नाही. बेळगावच्या डिसेंबरचा हा एक फायदा.

जुन्या घरात खरा त्रास फटींचा. शहापूर-वडगावच्या कौलारू घरांत भिंत आणि वाशांच्या मध्ये वीतभर जागा असते, मांजर माळ्यावरून कौल सरकवून बाहेर पडतं आणि बोका त्याच वाटेनं आत येतो. तिथं लोखंडी बारीक जाळी ठोका. डासांची प्लॅस्टिकची जाळी मांजर एका रात्रीत फाडतं. मोरीच्या तोंडालाही जाळी हवी, त्यानं घुशीही थांबतात आणि घुशींमागून येणारे सापही.

मांजराला आत घेणं अगदीच शक्य नसेल, म्हणजे गोठ्यातलं, दुकानातलं किंवा अर्धवट रानटी मांजर असेल, तर त्याला पळायला उंची द्या. भिंतीला डोक्याएवढ्या उंचीवर एक फळी आणि तिथून पत्र्यावर जायची वाट. परसाच्या मोकळ्या मधोमध काही खायला ठेवू नका, भिंतीलगत उंचावर ठेवा आणि अंधाराआधी उचला. कुत्री आणि कोल्हे यानं अडतात. बिबट्या झाडावर नि भिंतीवर सहज चढतो, त्यामुळे त्याचा वावर आहे तिथं फळीवर विसंबू नका.

घंटागाडी सकाळी येते, मग कचऱ्याची पिशवी रात्रीच गेटाला का टांगायची? कोंबडीची आतडी, माशांची खवलं, खरकटं यांवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. गल्लीत एखादं चिकनचं दुकान उघड्यावर कचरा टाकत असेल तर दहा घरांनी मिळून बोला. एकट्यानं बोललं की भांडण होतं. सगळ्यांनी बोललं की दुकानदारही डबा ठेवतो.

नसबंदीचं सांगायलाच हवं. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभण राहिली की सुमारे नऊ आठवड्यांत पिल्लं. बोका माजाच्या दिवसांत रात्र-रात्र फिरतो, मारामाऱ्या करतो, रस्ते ओलांडतो, आणि गायब होणाऱ्यांत बोके जास्त असतात ते यामुळे. सहाव्या महिन्याच्या आसपास शस्त्रक्रिया करून घ्या, सोबत रेबीजची आणि मांजरांच्या साथीच्या तापाची लसही द्या. त्या तापाचे विषाणू रानमांजरांनाही लागतात, म्हणजे लस दोघांच्या कामाची. मांजर आत राहिलं की परसातल्या दयाळ आणि बुलबुलांची पिल्लंही वाचतात, हेही खरं.

ऊसतोड आणि पावसाळा

ऊस उभा असतो तोवर कोल्हा, रानमांजर, मुंगूस सगळे त्यात राहतात. नोव्हेंबरपासून तोड सुरू झाली की एकेक फड रिकामा होतो आणि ही जनावरं उरलेल्या फडात, नाल्याकाठी, बांधावरच्या झुडपात आणि मग परसाच्या भिंतीपाशी येतात. त्या महिन्यांत वेळापत्रक ढिलं करू नका. शेजारच्या शेतात तोड कधी आहे ते टोळीच्या मुकादमाला विचारून ठेवलं तर अजून बरं. तोडीत रानमांजराची पिल्लं सापडतात आणि लोक ‘गोड आहेत’ म्हणून घरी आणतात, किंवा ‘बिबट्याची पिल्लं’ म्हणून फोटो फिरवतात. तिथंच राहू द्या, माणसं लांब झाली की आई रात्री येऊन उचलून नेते.

पावसाळ्यात नाल्यांना पाणी चढलं की साप नि मुंगूस उंचवट्यावर, म्हणजे आपल्या जोत्याकडे येतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर अजगरही मांजर गिळतो. तिकडचं गणितच वेगळं आहे. भीमगड अभयारण्य शेजारी असताना मांजर रात्री मोकळं सोडणं म्हणजे त्याच्या नशिबावर सोडणं. तिथं रात्री दार बंद, यात सूट नाही.

कामाचे नसलेले उपाय

गळ्यात घंटी बांधल्यानं चिमण्या सावध होतात, कुत्रं नाही. पट्टा बांधायचाच तर ओढल्यावर सुटणारा बांधा, नाहीतर जाळीत अडकून मांजर फास लागून मरतं. रात्रभर दिवा लावल्यानं बिबट्या काही दिवस बिचकतो, मग सरावतो. फटाके फोडून तो पळतो खरा, पण कुठल्या दिशेनं पळेल ते तुमच्या हातात नसतं. तारेचे फासे आणि विष यांचा विचारही नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहेच, शिवाय फाशात पहिलं सापडतं ते शेजाऱ्याचं मांजर.

बिबट्याचीच खात्री पटली, म्हणजे मोठा, नखांशिवायचा ठसा मिळाला किंवा कुणी प्रत्यक्ष पाहिला, तर 1926 वर वनखात्याला कळवा. सीमेचा इथं अडसर नाही. चंदगडहून लावला तर महाराष्ट्राचं वनखातं, बेळगावहून लावला तर कर्नाटकचं, नंबर तोच. ठशावर घमेलं उपडं घालून ठेवा, पावसानं किंवा पायांनी पुसणार नाही. मुलांना आणि म्हाताऱ्यांना अंधारात परसाकडे एकटं पाठवू नका. आणि कृपा करून मोबाईल घेऊन झाडीत शिरू नका. घेरलेला बिबट्या माणसावर येतो.

जखमी मांजर परत आलं तर

कुत्र्याच्या तावडीतून सुटलेलं मांजर वरून ठीक दिसतं, कोपऱ्यात जाऊन बसतं आणि दुसऱ्या दिवशी जातं. भोकं लहान म्हणून हळद भरून सोडून देऊ नका, आत पू होतो. टॉवेलात गुंडाळा, खोक्यात किंवा टोपलीत ठेवा, तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वेदनेत ते तुम्हालाही चावेल. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. ‘घरचंच मांजर आहे’ म्हणून टाळू नका, त्याला कोण चावलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं.

हे सगळं महिनाभर नीट पाळूनही मांजर जातच असेल तर मदत मागताना ‘मांजर हरवतंय, काय करू?’ एवढंच सांगू नका. घर कुठल्या भागात आहे, मागे शेत की नाला की रस्ता, शेवटचं किती वाजता दिसलं, राखेतल्या ठशाचा काडेपेटीसकट फोटो, शव मिळालं असेल तर जखम नेमकी कुठे, गल्लीतल्या कुत्र्यांची संख्या वाढली की घटली, आणि शेजारी कुणी उंदराच्या वड्या टाकतं का, एवढं कळवा.